कोरडगडात बंदूक येणार नाही

विशाखा,

तू गेल्यावर तुझ्या घरी पुण्यानुमोदन झालं, त्या दिवशी वंदना झाली, दोन-चार जण तुझ्याबद्दल बोलले, आणि जेवणं आटपायच्या आत निखिल माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, ही वेळ नाहीये, मला कळतंय. पण चौथ्या पार्टचं आता आपण फायनल करून टाकू या का?" ही वेळ नाही हे ज्यांना कळतं ती माणसं नेमकी त्याच वेळी बोलतात. माझ्या हातात पाण्याचा पेला होता. तो मी त्याच्या डोक्यावर रिकामा केला नाही, एवढं तरी श्रेय मला दे.

निखिल वाईट नाही, तुलाही माहीत आहे. आपल्याच क्लासमध्ये प्रोग्रॅमिंग शिकला, आपण केलेला 'कोरडगड' हा कॉम्प्युटरवरचा खेळ खेळत मोठा झाला, आणि हिंजवडीच्या ज्या कंपनीने आपले तिन्ही भाग विकत घेतले तिथे आता गेमच्या कामाचा प्रमुख आहे. तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती लावताना त्याचे डोळे खरोखर भरले होते. पण त्याला चौथ्या भागात बंदूक हवी आहे, आणि तू होतीस तोवर ती येणं शक्य नव्हतं. करारात आपण, म्हणजे तूच, एक अट घालून घेतली होतीस. कोरडगडच्या जगाचे नियम बदलायचे तर आपल्या दोघींची संमती हवी, आणि दोघींतली एक नसेल तर दुसरीची पुरे. मी तेव्हा म्हटलं होतं, "असलं अभद्र कशाला लिहायचं?" तू म्हणालीस, "तू आधी गेलीस तर मला मोकळं रान नको का?"

आता मोकळं रान मला मिळालं आहे. बंदूक येणार की नाही हे माझ्या एकटीच्या हो-नाहीवर आलं आहे. आणि कोरडगडात बंदूक यायलाच हवी असं इतकी वर्षं घसा फोडून कोण सांगत होतं? मीच. हसू नकोस.

त्यानंतर लोक मला भेटायला आले. बोपोडीला तुझ्या घरी गेलेच, पण कोथरूडला माझ्याकडेही आले, आपल्याला दोघींना सगळे एकच नग समजत आले म्हणून. चहा घ्यायचे, तू किती हुशार होतीस ते मला सांगायचे, जसं काही मला ठाऊकच नव्हतं, आणि चपला घालता घालता प्रत्येक जण एकच वाक्य टाकायचा, "असंच असतं गं." मी दार लावून घ्यायचे, जरा जोरातच. हे वाक्य तुझ्यासमोर उच्चारायची कुणाची छाती झाली नसती.

आपण सुरुवात केली तेव्हा देश बाहेरच्या बाजाराला नुकता उघडला होता म्हणतात. आपल्याला उघडल्याबिघडल्याचं काही दिसलं नाही. एवढंच दिसलं की कोथरूडच्या गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लास निघाले आणि त्यातल्या एकात आपल्याला दोघींना शिकवायची नोकरी लागली. सकाळची बॅच, संध्याकाळची बॅच, आणि मधली दुपार मशीनं मोकळी. अख्खं पुणं जेवून आडवं झालेलं असताना आपण एक राज्य उभं केलं. गोष्ट मी लिहायची, प्रोग्रॅम तू. खेळाडूने एक पात्र घ्यायचं, त्याला नाव द्यायचं, त्याला घेऊन एका कोरड्या डोंगरी मुलखात हिंडायचं, लढायचं, शिकायचं, हळूहळू बळ वाढवायचं. माझी आई शेजारणींना सांगायची, "पोरी दुपारभर कॉम्प्युटरवर सापशिडी मांडून बसतात."

एका फ्लॉपीत मावेल तेवढंच राज्य, ही पहिली अडचण. मराठी अक्षरं पडद्यावर उमटवायला आपल्याकडे काही साधन नव्हतं, म्हणून तू एकेक अक्षर ठिपक्याठिपक्यांनी काढलंस. 'ळ' तुझ्या मनासारखा होईना. मी म्हटलं, "सोड, 'ल' वापरू, कोण बघतंय." तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी निमूट चहा सांगायला गेले. अक्षरांनी जागा खाल्ली, मग शस्त्रं कापावी लागली. तलवार, भाला, गोफण, बस. बंदुकीचा प्रश्न तेव्हाच पहिल्यांदा निघाला आणि तू म्हणालीस, "जागा नाही. सुटलेली गोळी दाखवायची तर मशीन रडेल." मला ते पटलं. तेव्हा मशीन खरंच कशानेही रडायचं.

मग तू माझी गोष्ट खेळून पाहिलीस. मी लिहिलं होतं ते असं, की कोरडगडावर पाणी नाही, एक कुंड आहे, कुंडाला मंत्राने साद घातली की पाणी वर येतं, आणि मंत्र फक्त सात मानकरी घराण्यांत जन्मलेल्यांना फळतो. मला ते फार सुंदर वाटत होतं. तू पात्र घेतलंस एका कुंभारणीचं. तिला घेऊन कुंडापर्यंत गेलीस, साद घातलीस, पाणी आलं नाही. पुन्हा घातलीस. मग खुर्ची माझ्याकडे वळवलीस.

"माझी बाई सात घरांतली नाही. तिने प्यायचं काय?"

"मानकऱ्याकडे मागायचं. तो देतो."

"म्हणजे तो वरून ओतणार आणि हिने खाली ओंजळ धरायची."

"अगं, खेळ आहे. सगळं कल्पित आहे."

"कल्पितच करायचं होतं तर इतकं ओळखीचं कशाला केलंस?"

मी चिडले होते. मला वाटलं, माझ्या एवढ्या नाजूक मंत्राच्या राज्यात हिने गावची विहीर आणून ठेवली. तुझ्या आजीला भंडाऱ्याकडच्या त्या गावात काय सोसावं लागलं ते तू मला कधीच रंगवून सांगितलं नाहीस. पुढे केव्हातरी एकदाच म्हणालीस, "आजोबांनी दीक्षा घेतली, घरातलं सगळं बदललं, पण विहीर तीच होती." एवढंच, आणि लगेच कॉम्पाइल करायला लागलीस.

पण त्या दिवशी आपण भांडलो. तू तुझंच म्हणत राहिलीस, मी माझंच. शनिवारी क्लास लवकर सुटायचा आणि आपण मंडईत आपापल्या घरची भाजी घ्यायला जायचो. त्या शनिवारी गेलो, पण तोंड फुगवून. भाजी घेऊन झाल्यावर नेहमीच्या अमृततुल्यात बसलो आणि चहा आल्यावर तू म्हणालीस, "असं करू. तू माझी बाजू मांड, मी तुझी मांडते. स्वतःच्या बाजूने काय, कुणीही बोलतं." मग तू माझ्या मंत्राच्या बाजूने असं काही बोललीस की मी थक्क झाले. सगळ्यांना सगळं मिळालं तर खेळाडू शोधेल काय, दुर्मीळ काहीतरी हवंच, हातात न येणारं काही नसेल तर राज्य कशाला म्हणायचं, साधा बाजार म्हणा. हे मलाच सुचलं नव्हतं. आणि मी तुझ्या कुंभारणीच्या बाजूने बोलता बोलता अशी तापले की शेजारच्या बाकावरचे आजोबा चहा सोडून बघायला लागले.

तिथून आपली ती रीत पडली. उलटी बाजू. नियम एकच होता. बोलण्यासारखं संपल्यावर जी "असंच असतं" म्हणेल ती हरली. तुझं म्हणणं असं की त्या वाक्यावर आलं म्हणजे माणसाने विचार करायचा सोडला. हरणारीने दोन्ही घरच्या पिशव्या बसस्टॉपपर्यंत उचलायच्या. क्लासमध्येही तू हा नियम लावलास. एखादा मुलगा प्रोग्रॅम असाच का लिहिला हे सांगताना "असंच असतं" म्हणाला की तू त्याला सगळ्यांसाठी पाणी भरायला पाठवायचीस. निखिलने बरंच पाणी भरलं आहे.

त्या पहिल्या शनिवारी निघालं ते असं, की मंत्र सात घरांकडेच राहील, पण दुसऱ्या भागात रहाट येईल. मंत्राने पाणी क्षणात येणार, रहाटाने हळूहळू. रहाटाला सुतार हवा, दोरखंड हवा, चार हात हवेत, आणि तो मोडणार. पण कुणीही शिकलं तर त्याला जमणार. मी म्हटलं, "जादूच्या राज्यात लोक कुरकुरणारा रहाट कशाला वापरतील?" तू म्हणालीस, "लावून तर बघू." आपण लावला आणि लोक तोच वापरायला लागले. आपण खेळाचे खोके स्वारगेटहून एसटीच्या पार्सलने गावोगाव पाठवायचो आणि खोक्यावर क्लासचा फोन नंबर असायचा. सांगलीहून एका गृहस्थांनी फोन करून तक्रार केली, "अहो, आमचा जादूगार एवढा वरच्या पातळीला नेला आम्ही, आणि गाव त्याला विचारतसुद्धा नाही. रहाटावरच गर्दी. का?" तू शांतपणे सांगितलंस, "कारण रहाटाला नमस्कार करावा लागत नाही." आणि फोन ठेवलास.

पण तुझी पूजा बांधायला मी बसलेले नाही, तेव्हा तुझी ती प्रसिद्ध चूकही इथेच येऊ दे. तू जमिनीतलं सगळं पाणी मिळून एकच आकडा धरला होतास. एका रहाटाने पाणी उपसलं की तो आकडा खाली, दुसऱ्याने उपसलं की आणखी खाली, आणि पावसाने तो वर चढवायचा हे तू लिहायलाच विसरलीस. लोकांनी उत्साहाने रहाटावर रहाट बांधले, आणि थोड्याच काळात अख्खं राज्य तहानेने मेलं. मानकरी, कुंभारीण, घोडे, सगळे. फोन थांबेनात. मी आनंदाने टाळ्या वाजवल्या, "घे तुझं यंत्र!" तू शेवटपर्यंत कबूल केलं नाहीस की ती चूक होती. म्हणालीस, "उपसणाऱ्याला हे कळायलाच हवं." मग दुरुस्त करून पाठवलेल्या फ्लॉपीत पाऊस आला, पण त्याबरोबर गावाची बैठकही आली. किती रहाट बांधायचे ते बैठकीत ठरणार. निम्म्या खेळाडूंना बैठक कंटाळवाणी वाटली, निम्मे खेळ सोडून बैठकच खेळत बसले. ती बैठक तुझ्या चुकीतून आली, हे मी तुला सांगत राहणार आहे.

तिसऱ्या भागापर्यंत सीडी आल्या. जागाच जागा. आपले विद्यार्थी अमेरिकेला जायला लागले, कोथरूडच्या बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, क्लासच्या पाट्यांवर दर महिन्याला नव्या भाषेचं नाव चढायला लागलं. तू छापखाना आणलास. मंत्र पुस्तकात छापून निघाले आणि ज्याला वाचता येईल त्याला फळायला लागले. शिकायला वेळ लागायचा, अर्धवट शिकलेल्याच्या हातून घर पेटायचं, पण सात घरांचा मान संपला. त्यावर तर लोकांनी आपल्याला फाडून खाल्लं. जादूगार बिनकामाचा केला, खेळाची सगळी शान घालवली. मी त्या वेळी सगळ्या फोनांवर तुझी बाजू घेतली, लक्षात आहे ना? ठेव.

मग मी म्हटलं, आता बंदूक. जागा आहे, मशीन रडत नाही. घड्याळ आलं, छापखाना आला, ओतीव लोखंड आलं, आणि बंदुकीची दारू तेवढी कुणाला सुचली नाही, हे कुणाला पटेल? वरच्या पातळीचा मंत्रवाला अजूनही समोर उभं राहू देत नाही, नवा खेळाडू त्याच्यापुढे दोन मिनिटं टिकत नाही. बंदूक आली की दुबळा आणि पहिलवान एका रांगेत येतात. तू म्हणालीस, "नको." मी म्हटलं, "का?" तू म्हणालीस, "पहिल्या दिवशी एका रांगेत येतात. दुसऱ्या दिवशी दारूच्या कोठाराला कुलूप लागतं." मी म्हटलं, "बरं, उलटी बाजू करू." आणि तू म्हणालीस, "यावर नाही."

यावर नाही! मंत्रावर केली, रहाटावर केली, घोड्याला किती दाणा लागतो त्यावर केली, देव या राज्यात असावेत की नसावेत यावर तर तू देवांच्या बाजूने इतकं गोड बोललीस की मला भीती वाटली. पण बंदुकीवर तू कधीही बाजू बदलली नाहीस. मग तो वाद साध्या भांडणासारखा चालू राहिला. तू तुझंच म्हणायचीस, मी माझंच, आणि दोघी आपापली पिशवी उचलायचो.

तू हॉस्पिटलमध्ये होतीस तेव्हाही मीच तो विषय काढला. बोलायचं तरी काय, हा माझ्यापुढे प्रश्न होता. सलाईनकडे बघत बसण्यापेक्षा भांडलेलं बरं. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मग म्हणालीस, "मंजे, बरी झाले की करू. उलटी बाजू. मी बंदुकीच्या बाजूने बोलेन, तू माझ्या. तयारी करून ये, नाहीतर मार खाशील." मला इतका आनंद झाला की मी नर्सला उगीचच थँक यू म्हटलं. इतक्या वर्षांनी तू का तयार झालीस, हे विचारायचं राहिलं. मला वाटलं, मंडईत विचारू.

हिंजवडीला जायच्या आधी मी बोपोडीला गेले. काकांना विचारलं. तुझे बाबा आयुष्यभर खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होते, तेव्हा तुझ्या 'नको'चं मूळ तिथेच असणार असं मी परस्पर धरून चालले होते. कधीतरी त्यांनी काही सांगितलं असेल, तुझ्या मनावर काही बसलं असेल. काका तुझ्या फोटोखाली खुर्ची टाकून बसले होते. पुण्यात एवढी वर्षं काढली तरी त्यांची बोली भंडाऱ्याकडचीच राहिली आहे. म्हणाले, "मले काय मालूम, पोरी. एकदा म्हणे, बाबा, तुमचं काम तेवढं मी खेळात घेतलं नाही. मी म्हटलं, बरं केलंस. घरी आल्यावर मलेही ते नको वाटे." मग म्हणाले, "तुले तरी सांगितलं असन असं वाटलं होतं मले." त्यांनी मला पोहे खायला घातले आणि मी ते खाल्ले.

खरं सांगते, हिंजवडीला मी होकार द्यायलाच गेले होते. माझं मत मला ठाऊक होतं, ते खरं होतं, आणि तू मेलीस म्हणून ते खोटं होत नाही. माणूस गेल्यावर त्याचंच सगळं बरोबर होतं असं मानणाऱ्यांतली मी नाही. काचेच्या खोलीत बसले. निखिलने पडद्यावर चारही भाग ओळीने मांडून दाखवले, मंत्र, रहाट, छापखाना, बंदूक. "टेक लेव्हल वाढत जाते मॅडम, लॉजिकल आहे. आणि मोबाइलवर लोकांना फास्ट गेम लागतो." मी मान हलवत होते. मग तो म्हणाला, "विशाखा मॅडम असत्या ना, तर त्याही आत्तापर्यंत तयार झाल्या असत्या."

तयार झाल्या असत्या! मेलेल्या माणसाला तयार करणं किती सोपं असतं, विशाखा. त्याला काही विचारायचं नसतं, त्याचं काही ऐकायचं नसतं. जिवंतपणी तुला कुणाच्या बापाला तयार करता आलं नाही, आणि हा पोरगा पडद्यापुढे उभा राहून एका वाक्यात करून मोकळा झाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "निखिल, पडदा बंद कर. उलटी बाजू करायची आहे. तू माझी बाजू घे, बंदुकीची, मी विशाखा मॅडमची."

तो हसला, त्याला वाटलं आठवण म्हणून चाललं आहे. म्हणाला, "ओके. हिस्टरी बघा ना मॅडम, गन आल्यावरच मानकरी संपले. कॉमन माणूस पॉवरफुल झाला. इक्वॅलिटीच आहे की." माझाच मुद्दा, माझ्याच क्रमाने.

मी विचारलं, "रहाट बिघडला तर दुरुस्त कोण करतं?"

"गाव."

"पुस्तकातला मंत्र कुणाचा?"

"वाचता येईल त्याचा."

"बंदुकीतली दारू संपली की?"

"कोठारातून आणायची."

"कोठाराची किल्ली?"

"गडाच्या मालकाकडे असणार."

"मग मालकाकडे मागायची. तो वरून ओतणार ना? आपण खाली काय धरायचं, निखिल?"

हे मला त्या क्षणी, बोलता बोलता सुचलं. तीन भाग आपण त्या कुंडापासून दूर चालत आलो आणि चौथ्यात पुन्हा तिथेच, ओंजळ धरून. एवढी वर्षं मी तुझ्याशी भांडले आणि हे मला एकदाही दिसलं नाही, तुझ्या खुर्चीत बसल्याशिवाय. तुला हे माहीत होतं का? माहीत होतं तर सांगितलं का नाहीस? की हे माझंच आहे, आणि मी उगीच तुझ्या नावावर घालते आहे? हे कुणाला विचारायचं ते मला सांग.

निखिलने थोडी झुंज दिली. बाजार, स्पर्धा, इतर खेळ. शेवटी दमून म्हणाला, "पण मॅडम, फँटसीमध्ये असंच असतं." बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं. त्याने कपाळाला हात लावला. मी न सांगताच तो उठून पाण्याचा जग घेऊन आला आणि खोलीतल्या सगळ्यांचे ग्लास भरले. त्याच्या हाताखालच्या मुलांना काही कळेना.

तेव्हा ऐक. कोरडगडात बंदूक येणार नाही. मी नाही म्हणून आले आहे. कंपनी चौथा भाग करील किंवा करणार नाही, निखिल रुसेल किंवा समजून घेईल, मला त्याचं काही नाही.

पण माझं मत बदललं असं समजून तिकडे खूश होऊ नकोस. बंदूक यावी असं मला अजूनही वाटतं. तुझ्या कुलपाला माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते मला काकांसमोर पोहे खाताना सुचलं. किल्ली मालकाकडे असेल, पण दारू करायची कशी हे कुणाला ठाऊक असतं? तुझ्या बाबांना. ते गावाने शिकायचं ठरवलं तर? फक्त हे माझ्या तोंडून यायचं नाही, नियमात बसत नाही. मी तुझी बाजू मांडली, सगळ्यांसमोर मांडली, आणि जिंकले. आता माझी बाजू तू मांडायचीस. तू कबूल केलं होतंस. तुझं ऐकल्याशिवाय हा वाद मी कुणालाही मिटवू देणार नाही, स्वतःलासुद्धा नाही. मला तुझी फार आठवण येते आणि मला तुझा फार राग आला आहे, आणि सध्या तरी मला यातलं एक काढून दुसरं ठेवता येत नाही.

काल शनिवार होता. मी मंडईत गेले. आपल्या नेहमीच्या मावशींकडे माझ्या घरची भाजी घेतली, मग काकांसाठी वेगळी घेतली, त्यांना आवडतात ती कोवळी वांगी बघून. मावशींनी विचारलं, "दुसऱ्या ताई कुठं हायत? लई दिवसात दिसल्या न्हाईत." मी सांगितलं. त्यांनी हातातला तराजू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "असंच असतंय, ताई."

"नसतं," मी म्हटलं.

मग दोन्ही पिशव्या उचलल्या आणि बसस्टॉपपर्यंत चालत गेले. जड होत्या. पण हरले म्हणून उचलल्या नाहीत, एवढं ध्यानात ठेव.